भाडेकरूकडून घराचा ताबा कायद्याने कसा मिळवावा: महाराष्ट्रातील घरमालकांसाठी मार्गदर्शन

‘घर भाड्याने दिले आहे’ हे वाक्य आपण दोन अगदी निराळ्या व्यवहारांसाठी वापरतो. एका व्यवहारात वाड्यातल्या दोन खोल्यांत आजोबांच्या काळापासून राहणारे कुटुंब असते, ज्याच्याकडे कधी काळच्या भाडेपावत्या असतात आणि लेखी करार बहुधा नसतो. दुसऱ्या व्यवहारात अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरता वापराचा परवाना देणारा) करार करून सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आलेला नोकरदार असतो. बोलताना दोघेही भाडेकरूच, परंतु कायदा पहिल्याला भाडेकरू आणि दुसऱ्याला परवानाधारक म्हणतो. दोघांकडून ताबा घेण्याची कारणे, कार्यालये आणि कार्यपद्धती वेगवेगळी आहेत. मी आजवर पाहिलेल्या रखडलेल्या प्रकरणांपैकी बरीचशी या एका गोष्टीची खातरजमा आधी न केल्यामुळे रखडली आहेत. म्हणून नोटीस लिहिण्यापूर्वी, किंबहुना वकिलाकडे जाण्यापूर्वीच, समोरचा माणूस कायद्याच्या दृष्टीने कोण आहे हे कागदावरून ठरवावे.

महाराष्ट्रात हा विषय महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याखाली येतो. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने मुंबई इलाख्यातला १९४७ चा भाडे कायदा, विदर्भातला १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश आणि मराठवाड्यातला १९५४ चा हैदराबाद कायदा या तिघांची जागा घेतली. गोव्यात १९६८ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे तेथील मिळकतीला पुढील मजकूर लागू पडणार नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला आणि त्याचे दाखले अनेक जण देतात. तो राज्यांसाठी नमुना आहे. एखाद्या राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय त्याच्या आधारे कोणालाही घराबाहेर काढता येत नाही.

कागद आधी गोळा करावेत

मालकी दाखवणारे कागद म्हणजे खरेदीखत, मिळकत पत्रिका किंवा सात-बारा, मालमत्ता कराची पावती आणि फ्लॅट असल्यास सोसायटीचे भागपत्र. मिळकत वारसाहक्काने आली असेल तर वारसांची नावे लागल्याचा कागद जोडावा. भाऊबहिणींच्या सामाईक मालकीचे घर असल्यास एक सहमालकही दावा लावू शकतो, मात्र इतरांचा त्याला विरोध नसावा. तरीही सर्वांना वादी करणे, किंवा निदान त्यांची लेखी संमती घेणे, हेच शहाणपणाचे आहे, कारण नाराज भावाचे एक शपथपत्र भाडेकरूच्या हाती लागले तर सगळा दावा त्याभोवतीच फिरू लागतो.

व्यवहार दाखवणारे कागद म्हणजे करार, भाडेपावत्यांची स्थळप्रत, बँकेचा उतारा आणि आधीचा पत्रव्यवहार. येथे कलम ५५ चा मुद्दा मोलाचा आहे. २००० नंतर झालेला प्रत्येक भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार असल्यास नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. नोंदणी केली नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. माझ्या मावशीने आपल्या घरातली मागची खोली एका ओळखीच्या कुटुंबाला केवळ शब्दावर दिली होती. एका वर्षासाठी दिली असे ती शेवटपर्यंत सांगत राहिली, पण ते दाखवणारा चतकोर कागदही तिच्यापाशी नव्हता. ती खरे बोलत होती याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती, आणि न्यायालयात त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

कुलूप, पाणी आणि वीज यांना हात लावू नये

करार संपला, भाडे थकले, समोरचा उद्धटपणे बोलला, तरी ताबा त्याच्याकडे आहे तोवर तो केवळ कायदेशीर मार्गानेच काढून घेता येतो. तो बाहेरगावी गेलेला असताना कुलूप बदलणे, सामान जिन्यात काढून ठेवणे किंवा चार माणसे घेऊन जाऊन दमदाटी करणे यांतली कोणतीही गोष्ट केली, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच विचारला जात नाही. ताबा कोणाकडे होता आणि तो बेकायदा काढून घेतला का, एवढेच पाहिले जाते.

पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट आणि साफसफाई या सेवा योग्य कारणाशिवाय तोडणे किंवा रोखणे हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सेवा पूर्ववत करण्याचा तातडीचा आदेशही भाडेकरूला मिळतो. शिक्षेपेक्षाही मोठे नुकसान वेगळेच होते: ज्या न्यायाधीशांपुढे तुम्ही उद्या ‘आमची गरज प्रामाणिक आहे’ असे सांगणार आहात, त्यांच्यासमोर तुमची पहिली ओळख नळ तोडणारा घरमालक अशी होते. पोलिस ठाण्यात तक्रार देऊनही ताबा मिळत नाही, कारण हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे आणि पोलिसांना घर रिकामे करून देण्याचा अधिकार नाही.

लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली असल्यास

परवानाधारकाला निवासासाठी जागा दिली असेल आणि कराराची मुदत संपली असेल, तर कलम २४ चा मार्ग तुलनेने सरळ आहे. अर्ज दिवाणी न्यायालयात न करता शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा असतो. मुंबई, पुणे अशा ठिकाणी ही कार्यालये भाडे नियंत्रण कायद्याचे न्यायालय या नावाने ओळखली जातात.

मुदत संपण्याच्या महिनाभर आधी, करार पुढे वाढवायचा नाही असे लेखी कळवावे. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर आणखी एक पत्र पाठवून ताबा मागावा आणि अनामत रक्कम, देणी वळती करून, ताबा देताना परत करण्याची तयारी त्यात स्पष्ट लिहावी. अनामत अडवून ठेवून ताबा मागणाऱ्या घरमालकामुळे परवानाधारकाला आयतेच कारण मिळते. मुदतीनंतर खात्यात रक्कम जमा झालीच, तर ती परवाना शुल्क म्हणून नसून बेकायदा वापराची भरपाई म्हणून, सर्व हक्क अबाधित ठेवून स्वीकारली आहे, असे त्याच आठवड्यात कळवावे. आपण वर्षभर निमूटपणे ‘भाडे’ घेत राहिलो, तर करार तोंडी वाढवला होता असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

अर्जासोबत नोंदणीकृत कराराची प्रत, मालकीचा पुरावा, पत्रव्यवहार आणि शपथपत्र जोडावे. लेखी करारातील मजकूर हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि घरमालकाचे सर्वांत मोठे बळ हेच आहे. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांच्या आत परवानाधारकाने शपथपत्र दाखल करून बचाव करण्याची परवानगी मागावी लागते. त्याने ती मागितली नाही किंवा प्राधिकाऱ्याने नाकारली, तर अर्जातील कथन मान्य असल्याचे धरून जागा रिकामी करण्याचा आदेश होतो. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते, आणि ती अर्जात मागायला विसरू नये. या आदेशावर अपील नाही. ९० दिवसांच्या आत पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश वरच्या पातळीवर तपासावा असा अर्ज, करता येतो.

येथे दोन मर्यादा लक्षात घ्याव्यात. कलमाचे शब्द ‘परवान्याची मुदत संपल्यावर’ असे आहेत. त्यामुळे अटीभंग झाला म्हणून मुदतीपूर्वीच करार रद्द केला असेल, तर हा मार्ग तितका बिनधोक राहत नाही आणि अशा वेळी वकिलाकडून करारातील कलमे तपासून घ्यावीत. दुसरे म्हणजे हे कलम निवासी जागेपुरते आहे. दुकान, गोदाम किंवा कार्यालय परवान्यावर दिले असेल, तर मुंबईत लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉज कोर्टात) १८८२ च्या प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय कायद्याच्या कलम ४१ खाली दावा लावावा लागतो.

सैन्यदलातील किंवा सरकारी सेवेतील घरमालकांना, तसेच तेथून निवृत्त झालेल्यांना, स्वतःच्या राहण्यासाठी घर हवे असल्यास कलम २३ खाली याच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि त्यासाठी विहित अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. ही सवलत पुष्कळ निवृत्त सैनिकांच्या कुटुंबांना ठाऊकच नसते.

जुना भाडेकरू: कारणाशिवाय दावा नाही

भाडे नियंत्रणाखालील भाडेकरूला ‘मुदत संपली’ एवढ्यावर काढता येत नाही. तो ठरलेले भाडे आणि कायद्याने मान्य केलेली वाढ देत असेल किंवा देण्यास तयार असेल, तोवर त्याला संरक्षण आहे. ते संरक्षण कलम १५ आणि १६ मधील कारणांपैकी एखादे सिद्ध झाल्यावरच उठते. यातून एक गट मात्र वगळलेला आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या, तसेच एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या खासगी आणि सार्वजनिक मर्यादित कंपन्या यांना हे संरक्षण नाही. जुनी इमारत एखाद्या बँकेच्या शाखेकडे असेल तर कारणांच्या वाटेला न जाता मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ खाली पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेपट्टा संपवता येतो आणि मग ताब्याचा दावा लावता येतो. त्यासाठी दावा लावण्याच्या सुमारास कंपनीचे भरणा झालेले भांडवल किती होते, हे दाखवणारा कंपनी निबंधकांकडील उतारा काढून ठेवावा.

भाड्याची थकबाकी हे सर्वांना सुचणारे पहिले कारण, आणि अनुभवाने सांगतो, घरमालकाची सर्वाधिक निराशा करणारेही तेच. यात आधी थकीत भाड्याची लेखी मागणी करणारी नोटीस द्यावी लागते आणि ती बजावल्यापासून ९० दिवस पूर्ण होईपर्यंत दावा लावता येत नाही. ८९व्या दिवशी लावलेला दावा या कारणापुरता अकाली ठरतो. नोटिशीत कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, दरमहा किती आणि एकूण किती, हे बिनचूक लिहावे. वाढीव दराने, पाणीपट्टी मिसळून किंवा अंदाजाने लिहिलेला आकडा पुढे अडचणीत आणतो. कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढ घेता येते. तेवढीच धरावी आणि तिचा हिशोब वेगळा दाखवावा. तीन वर्षांपेक्षा जुन्या थकबाकीची वसुली मुदतबाह्य होते, त्यामुळे सवलत देत देत पाच वर्षे थांबणाऱ्याची दोन वर्षांची रक्कम बुडते.

इतके करूनही भाडेकरूला आणखी एक संधी आहे. दाव्याचे समन्स बजावल्यापासून ९० दिवसांच्या आत त्याने सर्व थकबाकी दरसाल १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरली, दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो खर्चही दिला, तर थकबाकीच्या कारणावर ताब्याचा हुकूमनामा (डिक्री, म्हणजे दाव्याच्या निकालाचा आदेश) होत नाही. म्हणजे थकबाकीचा दावा पुष्कळदा घर मिळवून देत नाही, भाडे मिळवून देतो. मात्र या अटी सैल नाहीत. भरणा अपुरा असेल, उशिरा असेल किंवा मधले महिने चुकले असतील, तर ते संरक्षण जाते. म्हणून न्यायालयातील भरण्याची नोंद दर महिन्याला तपासून तारीखवार तक्ता ठेवावा. हे काम वकिलांवर न सोपवता घरातल्याच कोणीतरी अंगावर घ्यावे, असे मी आवर्जून सांगेन.

स्वतःची वाजवी आणि प्रामाणिक गरज हे माझ्या मते घरमालकाचे सर्वांत भक्कम कारण आहे, पण ते मोघम लिहिले तर सर्वांत कमकुवत ठरते. कलम १६(१)(g) खाली स्वतःसाठी किंवा ज्यांच्यासाठी मिळकत धारण केली आहे त्यांच्यासाठी जागेची गरज असल्यास ताबा मागता येतो, आणि कुटुंबातील व्यक्तींची गरजही यात धरली जाते. ‘आमचे कुटुंब वाढले असून जागा अपुरी पडते’ एवढ्या वाक्यावर दावा उभा राहत नाही. घरात आज किती माणसे आहेत, किती खोल्या आहेत, कोण कोठे झोपते, मुलाचे लग्न ठरले आहे का, आईला गुडघ्यांमुळे तळमजल्याचीच खोली का हवी, मुलीला दवाखाना सुरू करायचा असेल तर तिची पदवी आणि नोंदणी कोणती, हे सगळे वादपत्रात यावे आणि प्रत्येकाला कागदाचा आधार असावा. आपल्या मालकीच्या दुसऱ्या जागा लपवू नयेत. त्या सांगाव्यात आणि त्या का पुरत नाहीत हेही सांगावे. लपवलेली एक खोली उलटतपासणीत बाहेर आली, की प्रामाणिकपणाच संपतो. कोणती जागा कोणत्या कामासाठी सोयीची हे ठरवण्याचा अधिकार घरमालकाचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. तो अधिकार आधी सगळे उघडपणे मांडणाऱ्यालाच उपयोगी पडतो.

गरज सिद्ध झाली तरी न्यायालय तुलनात्मक अडचण पाहते: हुकूमनामा दिल्यास भाडेकरूला होणारा त्रास, न दिल्यास घरमालकाला होणाऱ्या त्रासापेक्षा अधिक आहे का? भाडेकरूने दुसरीकडे फ्लॅट घेतला असेल, त्याची मुले परगावी स्थायिक असतील, किंवा दावा लागल्यापासून त्याने दुसरी जागा शोधण्याचा काहीच प्रयत्न केला नसेल, तर ते येथे मांडावे. जागेचा काही भाग देऊन दोघांचे भागत असेल तर न्यायालय तेवढ्यापुरता हुकूमनामा देऊ शकते. दोन खोल्यांतील एक मिळणे कधी कधी खरोखर पुरेसे असते, आणि तसे असल्यास घरमालकाने ते मान्य करायला कचरू नये.

बाकीची कारणे थोडक्यात. लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम केले असल्यास ताबा मागता येतो; परंतु लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातील ओटा, दार, खिडकी, खोटे छत, वातानुकूलन यंत्र किंवा धुराडे यांना कायद्यानेच पक्क्या बांधकामातून वगळले आहे, तेव्हा ओटा बांधला म्हणून दावा लावू नये. बेकायदा पोटभाडेकरू ठेवला असल्यास, ताबा तिसऱ्याच माणसाकडे पूर्णपणे गेला आहे हे दाखवावे लागते, आणि त्याच्या नावाचा दुकान परवाना, वीजजोडणी किंवा फलकाचे छायाचित्र तेथे उपयोगी पडते. शेजाऱ्यांना सतत उपद्रव होत असल्यास शेजाऱ्यांनीच साक्ष द्यावी लागते, आणि बहुतेक दावे तेथेच कोलमडतात, कारण तक्रार सर्वांची असते पण पिंजऱ्यात उभे राहायला कोणी येत नाही. जागा विनाकारण सलग सहा महिने वापरात नसणे हे कारण बंद खोल्यांच्या बाबतीत फार परिणामकारक आहे. मात्र ते सहा महिने दावा दाखल करण्याच्या दिवसाच्या लगत आधीचे असले पाहिजेत. शून्य युनिटची वीजबिले, ‘घर बंद’ असा शेरा मारून परत आलेली पाकिटे आणि सोसायटीच्या पहारेकऱ्याची नोंदवही हा त्याचा पुरावा. इमारत पाडून नवी बांधायची असल्यास मंजूर नकाशे, पैशांची तजवीज आणि जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा देण्याची हमी या गोष्टी लागतात. तो स्वतंत्र लेखाचाच विषय आहे.

नोटीस

भाडे नियंत्रण कायद्यातील कारणावर दावा लावण्यापूर्वी कलम १०६ ची भाडेपट्टा संपवणारी नोटीस आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७९ मध्ये ठरवले. थकबाकीची ९० दिवसांची नोटीस मात्र टाळता येत नाही. तरीही प्रत्येक कारणासाठी आधी नोटीस पाठवावी, असा माझा आग्रह असतो, कारण तिच्या उत्तरात भाडेकरू आपला बचाव उघड करतो आणि कधी कधी एखादी गोष्ट मान्यही करून बसतो.

नोटीस वकिलामार्फत, पोच मिळेल अशा टपालाने पाठवावी आणि पाकिटावरील पत्ता करारातील किंवा पावतीवरील पत्त्याशी ताडून घ्यावा. ‘घेण्यास नकार’ या शेऱ्याने परत आलेले पाकीट न फोडता जपून ठेवावे. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस नाकारली तर ती बजावली गेली असेच मानले जाते. मूळ भाडेकरू वारला असेल, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणारे कुटुंबीय भाडेकरू ठरतात, म्हणून सर्वांची नावे शोधून प्रत्येकाच्या नावे नोटीस काढावी. मृताच्या नावाने नोटीस पाठवणे ही चूक हास्यास्पद वाटेल, पण ती होते आणि वर्ष वाया घालवते.

दावा कोठे आणि कसा चालतो

बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयात, पुणे आणि नागपूर येथे तेथील लघुवाद न्यायालयात, आणि जेथे असे न्यायालय नाही तेथे त्या भागाच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे दावा लावायचा असतो. वादपत्रात जागेचे वर्णन चतुःसीमांसह द्यावे आणि सोबत नकाशा जोडावा, कारण पुढे बेलिफ, म्हणजे न्यायालयाचा आदेश बजावणारा कर्मचारी, त्याच वर्णनावरून ताबा घेणार असतो. लागू पडणारी सर्व कारणे एकाच दाव्यात घ्यावीत. मात्र पुरावा नसलेले कारण केवळ संख्या वाढवण्यासाठी घालू नये. खोट्या कारणाची छाया खऱ्या कारणावर पडते. ताब्यासोबत थकबाकी, आणि दावा दाखल झाल्यापासून ताबा मिळेपर्यंतची वापराची भरपाई, अशा मागण्या असाव्यात.

समन्स बजावल्यावर प्रतिवादी कैफियत (लेखी उत्तर) देतो, मुद्दे निश्चित होतात, मग पुराव्याचे शपथपत्र, उलटतपासणी आणि युक्तिवाद. घरमालक वृद्ध असेल तर मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करावे असे सगळे सुचवतात. पण गरज ज्याची आहे, त्याने स्वतः साक्ष दिलेली केव्हाही चांगली, कारण मुखत्याराला दुसऱ्याच्या मनातली गरज सांगता येत नाही. प्रकृती ठीक नसल्यास घरी न्यायालयाने नेमलेला आयुक्त पाठवून साक्ष नोंदवण्याची विनंती करता येते. दावा चालू असताना भाडे नाकारू नये. ते हक्क अबाधित ठेवून घ्यावे आणि तशी पावती द्यावी.

मध्येच तडजोडीचा प्रस्ताव आला तर तो ऐकावा. जागा सोडण्यासाठी वर्ष-दीड वर्षाची मुदत किंवा थकबाकीत सूट देऊन मिळालेला ताबा पुष्कळदा निकालापेक्षा स्वस्त पडतो. पण ती तडजोड घरी स्टॅम्प पेपरवर न लिहिता न्यायालयात पुरसीस (पक्षकारांचे लेखी निवेदन) दाखल करून तिचा हुकूमनामा करून घ्यावा. दाव्यातील कारण भाडेकरूला मान्य असल्याचे तीत नमूद करावे आणि ठरल्या तारखेला ताबा देण्याचे हमीपत्र घ्यावे.

हुकूमनाम्यापासून किल्लीपर्यंत

निकाल आपल्या बाजूने लागला की त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा आणि अपील न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करावे. ते ९० दिवस टिकते आणि आपल्याला कळवल्याशिवाय स्थगिती मिळणे अवघड होते. अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. मुंबईत अपील लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठाकडे आणि इतरत्र जिल्हा न्यायालयात जाते. त्यानंतर उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज किंवा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली याचिका होते. अपिलात भाडेकरूला स्थगिती मिळाली, तर त्याने जुन्या नाममात्र भाड्याऐवजी बाजारभावाच्या जवळपास रक्कम दरमहा भरावी, अशी अट घालण्याची विनंती लगेच करावी. आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट घालता येते असे स्पष्ट केले आहे. त्यासाठी त्याच गल्लीतील नोंदणीकृत करारांच्या प्रती जोडाव्यात. दरमहा साडेतीनशे रुपयांवर अपील वर्षानुवर्षे चालते. तेच बारा हजारांवर आले, की दोन्ही बाजूंना निकालाची घाई होते.

स्थगिती नसेल आणि भाडेकरू जागा सोडत नसेल तर दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी बारा वर्षांची मुदत आहे, पण थांबण्यात काहीच लाभ नाही, कारण मधल्या काळात तिसरा माणूस आत येऊन बसला की त्याचा अडथळा दूर करण्याची वेगळी सुनावणी लागते. न्यायालय ताबा वॉरंट काढते. विरोधाची शक्यता असेल तर पोलिस बंदोबस्त आणि कुलूप तोडण्याची परवानगी यांचे अर्ज आधीच मंजूर करून घ्यावेत. बेलिफ आल्यावर कुलूपवाला, दोन पंच आणि सामान मोजायला एक माणूस सोबत ठेवावा. आत राहिलेल्या प्रत्येक वस्तूची यादी पंचनाम्यात यावी, देव्हाऱ्यातील मूर्तीपासून गॅसच्या टाकीपर्यंत. वीजमीटरचे वाचन लिहून घ्यावे, छायाचित्रे काढावीत आणि ताबा पावतीवर बेलिफ व पंचांच्या सह्या झाल्यावरच नवे कुलूप लावावे. भाडेकरू स्वतः उपस्थित असेल तर अनामत तेथेच धनादेशाने परत करावी आणि पोच घ्यावी.

स्वतःच्या गरजेसाठी ताबा मिळवला असेल तर काम येथे संपत नाही. कलम १७ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत ती जागा त्या कारणासाठी वापरात आणावी लागते आणि वर्षभरात ती दुसऱ्या कोणाला भाड्याने देता येत नाही. यांपैकी एकही अट मोडली, तर जुना भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून तीच जागा परत मागू शकतो. म्हणून रंगकाम आणि दुरुस्तीच्या पावत्या, बदललेली वीजजोडणी, शिधापत्रिकेवरचा नवा पत्ता आणि मुलीच्या दवाखान्याचा परवाना हे सारे कागद पहिल्या दिवसापासून त्याच फाइलमध्ये लावत जावे.